पायाखालचा माळ

२१ जुलै १९९६, रविवार

केंद्राला कुलूप लागून चार महिने झाले. ‘विणकाम प्रशिक्षण केंद्र, मिरजगाव’ ही पाटी अजून तशीच आहे, फक्त तिच्यावर आता चिमण्या बसतात. अकरा वर्षं मी तिथे मुलींना माग शिकवला. त्यामुळे रस्त्यात अजूनही सगळे मला ‘बाई’ म्हणतात. शिकवणं गेलं, बाई तेवढी राहिली.

संध्याकाळी एकटीच गावाबाहेरच्या माळावर गेले. लांब काळविटांचा कळप होता, नेहमीसारखा, उभ्या उभ्या काहीतरी आठवत असल्यासारखा. मी मात्र आज त्यांच्याकडे पाहिलं नाही, पायाखाली पाहिलं. तांबूस मुरूम, त्यावर वाळलेलं कुसळ, मधेच ओल धरलेला हिरवा ठिपका, शेळ्यांच्या पायवाटेची करडी रेघ. हातभर जागा दुसऱ्या हातभर जागेसारखी नाही. आणि तरी कुठे जोड म्हणून दिसत नाही. किती वेळ उभी होते कोण जाणे. परतले तेव्हा साडीच्या काठाला कुसळं लागली होती.

हे सगळं माधुरीताईंच्या पत्रामुळे. त्या नगरला घरांचे, इमारतींचे नकाशे करतात. पूर्वी पडद्याचं कापड घ्यायला केंद्रावर यायच्या. आता मुलांसाठी एक वाचनालय बांधताहेत. खुर्च्या नाहीत, मुलं जमिनीवर बसणार, लोळणार. त्यांना बाजारातला प्लॅस्टिकच्या धाग्याचा गालिचा नको आहे. उन्हाळ्यात वास मारतो, आणि एक कोपरा फाटला की अख्खा उकिरड्यावर. त्यांना हवेत लोकरीचे हातभर चौकोन, शेजारी शेजारी ठेवायचे. एखादा खराब झाला तर तेवढाच उचलायचा, दुसरा ठेवायचा. ‘पण ते जुळवून लावल्यासारखे दिसता कामा नयेत,’ असं लिहिलंय. ‘झाडाखाली पानं पडतात, तसे दिसले पाहिजेत. जमेल?’

जमेल की नाही माहीत नाही. पण आज माळावर उभी असताना ती बिछायत मला दिसली. खरंच दिसली.

२४ जुलै

घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या आळीत आता एकच माग चालतो, सहादेव मामांचा. जमिनीत खड्डा खणून त्यात पाय सोडून बसायचा जुना माग. मामा सत्तरीला आले असतील. त्यांच्या घोंगडीची वीण एवढी घट्ट की पाणी धरून ठेवते, असं धनगर सांगतात.

मी पत्रातलं सगळं सांगितलं. मामांनी हातातला आडव्या धाग्याचा धोटा खाली ठेवला.

“पायाखाली घोंगडं? बाई, मेंढीची लोकर अंगावर घेत्यात. देवापुढं हातरत्यात. तुडवत न्हाईत.”

“चपला बाहेर काढूनच आत जायचं आहे, मामा. लहान मुलं असतील. बसून वाचतील.”

“काय वाचत्यात?”

“गोष्टी.”

मामा धाग्यावरून अंगठा फिरवत राहिले. त्यांच्या मालकीण रंगुबाई दारात बसून सूत काढत होत्या, त्यांचा चरखाही थांबला.

“मंग बसायची घोंगडी म्हना की,” मामा म्हणाले. “पायाखालची पायाखालची कशापायी करता!”

रंगुबाई पदर तोंडाला लावून हसल्या. ठरलं. रंग लावायचा नाही. मेंढी ज्या रंगाची, चौकोन त्या रंगाचा: काळा, करडा, तपकिरी, दुधी. खालून घायपाताच्या दोरीची जाड वीण, आणि मधे घोंगडीला लावतात तीच चिंचोक्याची खळ, म्हणजे चौकोन ताठ राहील.

११ ऑगस्ट

पहिले चार चौकोन झाले. वीण अशी की नख शिरत नाही. पण काळी किनार आणि आत पांढऱ्या सरळ पट्ट्या, फूटपट्टीने आखल्यासारख्या. चारही एकमेकांची जुळी भावंडं.

मी म्हटलं, “मामा, मला माळासारखं हवंय.”

ते म्हणाले, “माळ कोन इनत न्हाई, बाई. माळ असतो.”

रात्री यावर हसू आलं. मग हसू आलं नाही.

५ सप्टेंबर

मामांना काहीतरी सापडलंय! मला शब्दात मांडता येत नाही. दोन आठवड्यांपासून चौकोन बदलत चाललेत. किनार गेली. पट्ट्या आधी वाकल्या, मग विरघळल्या. करडा कुठे संपतो आणि तपकिरी कुठे सुरू होतो ते बोट ठेवून दाखवता येत नाही. कालच्या चौकोनात काळा रंग एका कोपऱ्यातून असा आत आलाय की जणू ढगाची सावली माळावरून सरकत निघाली आहे.

त्यांची कामाची रीतही बदलली. टोपल्यांतले लोकरीचे गुंडे हातात घेतात, नाकाशी नेतात, अंगठ्याने चुरगाळतात. “काळ्या मेंढीची लोकर राकट असती, करडीची त्याहून मऊ,” म्हणाले. मधेच मला विचारतात, “ही करडी का तपकिरी, सांगा बगू?” मी बरोबर सांगितलं की मान डोलावतात. अकरा वर्षं मी परीक्षा घेतल्या, आता म्हातारा माझी घेतोय. मजा वाटते.

विणताना मागाकडे बघतसुद्धा नाहीत, नजर समोरच्या भिंतीवर. स्वप्न बघत विणतात जणू.

२२ सप्टेंबर, रविवार

अमृत जामखेडहून आले होते. तिथल्या एसटीच्या डेपोत ते मेकॅनिक आहेत, लग्नापासून रविवारीच घरी येतात. मी अंगणात बारा चौकोन मांडून दाखवले. मग ते फिरवून पुन्हा मांडले, कसेही, डोळे झाकून. प्रत्येक वेळी एक वेगळाच माळ. कुठूनही कसाही लावा, जोड दिसत नाही.

अमृत उकिडवे बसून बघत राहिले. हाताने चाचपून पाहिलं. मग म्हणाले, “अगं, म्हाताऱ्याला दिसतंय ना नीट?”

“म्हणजे?”

“काही नाही. परवा पारावर मला ‘कोण, श्रीमंता का?’ म्हणाले. मी पुढ्यात उभा होतो.”

मला राग आला. माणसाच्या हातून इतकं सुंदर काही घडतं, आणि यांना त्यात बिघाड दिसतो. दिवसभर इंजिनात डोकं घातल्यावर दुसरं काय होणार. मी चहा टाकायला आत गेले ती बाहेर आलेच नाही.

१० ऑक्टोबर

माधुरीताई स्वतः आल्या. मामांच्या ओसरीवर साठ चौकोन पसरले होते. त्या उंबऱ्यातच थांबल्या. चपला काढल्या, मग पायमोजे काढले, आणि हळूहळू चालत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या.  मला त्यांच्या पावलांचाच हेवा वाटला.

“हा हात कुणाचा?” त्यांनी विचारलं.

मामा खड्ड्यातच बसून होते. हात जोडून म्हणाले, “हात माजाच हाय, बाईसाहेब. चूक काय झाली का?”

“चूक नाही हो, आजोबा. असेच हवेत. सगळे असेच. दोनशे चाळीस.”

जानेवारीच्या शेवटी वाचनालय उघडायचं आहे. परत जाताना गाडीत बसल्यावर माधुरीताई मला म्हणाल्या, “वीण बदलू देऊ नका. हाच हात हवा.”

मी घरी चालत आले नाही, तरंगत आले. तरवड फुललाय सगळीकडे. पिवळ्या रंगाची मेंढी असती तर!

२४ ऑक्टोबर

आज खरं लिहायचं. नाही तर ही वही ठेवायचीच कशाला?

सकाळी गेले तेव्हा रंगुबाई दळायला गेल्या होत्या. मामांसमोर चहाची कपबशी होती. त्यांनी हात पुढे केला तो बशीच्या चार बोटं अलीकडे. पुन्हा केला, पलीकडे गेला. मग तळहात जमिनीला लावून सरकवत सरकवत आणला, बशी लागली तेव्हा थांबला. मी दारात होते. मी आल्याचं त्यांना कळलं नव्हतं.

मग मी पाहिलं, चारही टोपल्यांच्या कडांना दोऱ्या बांधलेल्या. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार.

मी खाकरले. ते म्हणाले, “या बाई, कवाधरनं उभ्या हायसा?”

“आत्ताच आले,” मी म्हटलं.

दुपारी रंगुबाई माझ्या घरी आल्या. पदराखालून एक कागद काढला. “शाळंपाशी वाटत हुते. ह्यात काय लिवलंय, वाचा जरा. डोळ्याचं चित्र हाय म्हनून आनला.”

नेत्रशिबिर. तीन नोव्हेंबर, रविवार, मिरजगावातच, शाळेच्या आवारात. तपासणी, मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला नेऊन, चष्मा, जेवण, सगळं मोफत. मी सगळं वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही.

“ऑपरेशन झाल्यावर काम कवा करता येतं?” रंगुबाईंनी विचारलं.

“दीड-दोन महिने वाकायचं नाही, धूळ नाही, लोकर तर मुळीच नाही.”

त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग मी म्हटलं, “तसं मामी, मोतीबिंदू पिकावा लागतो म्हणतात. कच्चा काढत नाहीत. आणि शिबिरं काय, होतच असतात. दिवाळीनंतर, संक्रांतीनंतर.”

“व्हय, माज्या आईचाबी पिकल्यावरच काडला हुता,” त्या म्हणाल्या. “तुमी शिकलेल्या. तुमी म्हनता तसं करू.” कागद त्यांनी नीट घडी करून नेला. वाचता येत नसताना घडी किती जपून घातली.

मी काही खोटं बोललेले नाही. मोतीबिंदू पिकू देतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे. केंद्रातल्या शिपायाच्या आईचंही असंच झालं होतं. एकशे साठ चौकोन बाकी आहेत. आणि मामांना या कामात इतका आनंद आहे. तो मधेच तोडायचा का?

४ नोव्हेंबर

काल शिबिर झालं म्हणे. गर्दी होती. मी दिवसभर बुद्धविहारात होते. आज तीन चौकोन झाले, तिन्ही सुरेख.

२७ नोव्हेंबर

थंडी पडायला लागली. आज दिवसभर मामांच्या ओसरीवर होते, खळ लावायला. चिंचोक्याच्या खळीचा वास, लोकरीचा वास, आणि मागाचा ठोका, ठक, थोडं थांबून ठक. असं वाटतं की आपण एखाद्या मोठ्या जनावराच्या पोटात बसलोय आणि ते शांत झोपलंय.

मीच विचारलं, “मामा, तुम्हाला आता काय काय दिसतं?”

आमच्यात हे कधी बोललं गेलं नव्हतं. त्यांना नवल वाटलं नाही.

“उजेड दिसतो. दुधावानी. मानूस आलं की दुधात साय हालल्यावानी हालतं. सकाळी बरं असतं, दुपारचं ऊन लई तरास देतं.” धोटा टाकत ते पुढे म्हणाले, “पन बाई, एक हाय. आदी डोळ्यापुढं माग असायचा, भित्त असायची. आता कायबी न्हाई. मंग आपसूक जुनं दिसतं. ल्हान हुतो तवा बाच्या संगं लोकर घ्यायला धनगराच्या वाड्यावर जायचो. सीनेच्या पल्याड. दिवस उगवायच्या आदी निगायचं. माळावर धुकं, आन् धुक्यात मेंढरं. मेंढरू कुटं सरतं आन् धुकं कुटं लागतं, कळायचंच न्हाई. हात लावला की ऊन-ऊन लागायचं, तवा कळायचं, ही मेंढी.”

ठक.

“त्येच इनतोय. दुसरं काय इनू?”

 घरी येऊन हे लिहीत असतानाही हातांना खळीचा चिकटपणा आहे. मला वाटतं, मी योग्यच केलं. एखाद्याला असं जग उघडतं, ते आपण कसं बंद करायचं?

अमृतना सांगितलं नाही. ते इंजिनाची भाषा बोलतील.

१९ डिसेंबर

मामांचा उजवा डोळा लाल झालाय. परवापासून डोकं ठणकतंय, दोनदा उलटीही झाली. रंगुबाई म्हणतात, पित्त असेल. लोकरीची धूळही असेल. त्यांनी कोथिंबिरीच्या रसाची पट्टी ठेवली आहे. मी म्हटलं, दवाखान्यात जाऊन यायचं का? मामा म्हणाले, “हे सरू द्या. बत्तीस ऱ्हायल्यात न्हवं?” त्यांना आकडा माझ्यापेक्षा पक्का माहीत असतो.

मी फार आग्रह केला नाही. गावच्या डॉक्टरकडून गोळ्या आणून दिल्या.

२३ डिसेंबर

दुखणं थांबलं. सुटल्यासारखं वाटलं. मामा पुन्हा मागावर बसले. उजवीकडे थोडी मान वळवून बसतात, तेवढंच. आजच्या चौकोनात काळा जास्त आलाय, पण तो शोभतो. पाऊस येण्याआधीचा माळ.

१९ जानेवारी १९९७, रविवार

शेवटचा चौकोन. रंगुबाईंनी मागाला हळदकुंकू लावलं. मामांनी तो चौकोन गालाला लावून बघितला, आणि माझ्याकडे दिला. म्हणजे मी जिथे आहे असं त्यांना वाटलं, तिकडे. मी पटकन सरकून तिथे गेले.

२६ जानेवारी

नगरला वाचनालय उघडलं. काल दिवसभर मी आणि माधुरीताईंनी चौकोन लावले. लावले म्हणजे टाकले. टोपलीतून हाताला येईल तो, पडेल तसा. दुपारी पश्चिमेच्या उंच खिडकीतून ऊन आत आलं, आणि भिंतींच्या आत तो माळ उजळला, माझा, जुलैतला. मी खांबाला टेकले. एखादी गोष्ट आधी मनात दिसावी आणि मग पायाखाली यावी, असं आयुष्यात किती वेळा होतं? माझ्या तर एकदाच.

आज मुलं आली. आधी चपला काढायला कुरकुर, मग आत पाऊल टाकलं आणि आवाजच बंद. थोड्या वेळाने पाहिलं तर अर्धी पालथी पडून वाचत होती. एक मुलगा चौकोनावर गाल टेकून नुसताच पडला होता.

मामा आणि रंगुबाई एसटीने आले होते. रंगुबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना चौकोनांवरून नेलं. मामा अनवाणी, सावकाश. मधेच थांबून म्हणाले, “हा कार्तिकातला नव्हं, हा भाद्रपदातला.” पायाच्या तळव्याने ओळखत होते. फोटोवाल्याने फोटो काढला. मामा भलतीकडे बघून हसले.

अमृत माझ्या शेजारी उभे होते. हळूच म्हणाले, “उद्या सोमवारी मी रजा टाकतो. यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊ. नगरलाच.”

“हो,” मी म्हटलं. “आता नेऊच.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “आता?” एवढंच म्हणाले.

६ फेब्रुवारी

दवाखान्यातून परवा आलो. पेन उचलायला दोन दिवस गेले.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान झालं. पट्टी आहे.

उजव्याचं करणार नाहीत. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत, दमलेले वाटले. मला बाहेर बोलावून सांगितलं, मोतीबिंदू जास्त पिकला, फुगला, डोळ्यातला दाब वाढला. आतली शीर सुकली. “मधे खूप दुखलं असेल. उलट्या, लाली.”

“डिसेंबरात,” मी म्हटलं.

“त्या दोन दिवसांत आणलं असतं तरी काहीतरी करता आलं असतं. त्याआधी आणलं असतं तर प्रश्नच नव्हता. पिकायची वाट बघू नका म्हणून आम्ही गावोगाव सांगतो. तुमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिबिर झालं होतं ना?”

“झालं होतं.”

“मग?”

मी म्हटलं, “कळलं नाही आम्हाला.”

हे मात्र खोटं. अगदी सरळ, उभं खोटं. आतापर्यंत मी स्वतःला सांगत होते की मी काही खोटं बोलले नाही.

अमृत बाकावर बसून सगळं ऐकत होते. एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. घोगरगावचा थांबा गेल्यावर फक्त म्हणाले, “तुला माहीत होतं.” विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

१६ मार्च, रविवार

मामांना दिसतं! जाड भिंगाचा चष्मा आहे, आणि एका डोळ्याने सगळं दिसतं. गावभर फिरून प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारतात. रंगुबाईंना म्हणाले, “तुजं क्यास कवा पिकलं गं?” त्या आठवडाभर हीच गोष्ट सगळ्यांना सांगताहेत.

आज त्यांना वाचनालयातली बिछायत बघायची होती. मी आणि रंगुबाई घेऊन गेलो. मामा दारात थांबले. चष्मा सारखा केला. खाली वाकले, पुन्हा उभे राहिले.

“हे कोनी इनलं?”

“तुम्हीच, मामा.”

“ह्या! असलं वाकडंतिकडं मी इनत न्हाई.” आतली मुलं हसायला लागली. मामा मात्र हसले नाहीत. गुडघ्यावर बसून एक चौकोन उलटा केला, सुलटा केला. त्यांचा चेहरा पडला. “कोनी बगितलं असंल तर काय म्हनलं असंल. बाई, मला घरी न्यू द्या. उसवून नीट करून देतो. सरळ पट्ट्या धरून.”

मी म्हटलं, लोक लांबून बघायला येतात. त्यांनी ऐकलं नाही. पुढे एक चिमुरडी पुस्तक पोटावर ठेवून झोपली होती, काळ्या आणि करड्याच्या मधोमध. मामा तिच्यापाशी गेले, बघत उभे राहिले. मग चौकोन होता तिथे परत ठेवला, तळव्याने दाबला, आणि तिला वळसा घालून बाहेर गेले.

पायरीवर मी रंगुबाईंना म्हटलं, “मामी, तो माळ पुन्हा होणार नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुमाला त्यात माळ दिसतो, बाई. मला ह्येंचं चाचपडनारं हात दिसत्यात.” थोडं थांबून म्हणाल्या, “तो कागद मी अजून ठिवलाय. त्याच्यावरची तारीक मास्तरांकडनं पुन्हा वाचून घेतली.”

एवढंच. मग त्या मामांच्या चपला सरळ करून ठेवायला वाकल्या.

२० मार्च

माधुरीताईंचं पत्र. वरच्या खोलीसाठी आणखी शंभर हवेत. ‘त्याच हाताचे.’

मामांनी आठवड्यापूर्वी माग सुरू केलाय. नवे चौकोन देखणे आहेत: काळी किनार, सरळ पांढऱ्या पट्ट्या, सगळे एकसारखे. ते डोळ्याजवळ नेऊन पट्ट्या मोजतात आणि खूश होतात. मला ते बघवत नाही. मग वाटतं, कशासाठी? म्हाताऱ्याला दिसायला लागलं यासाठी? असं वाटणारी बाई कोण आहे, मला तिची ओळख नको आहे. पण ती रोज माझ्याच चपला घालून तिकडे जाते.

माधुरीताईंना लिहिलं, तो हात आता नाही. नमुन्याचा एक पट्ट्यांचा चौकोन पार्सलने पाठवला.

२ एप्रिल

उत्तर आलं. ‘पट्ट्यांचे चालतील. माळाच्या कडेला शेत असतंच की.’ किती सहज लिहिलंय. मला कोणी इतक्या सहज सोडवू नये.

उद्या मामांना सांगायचं.

३ एप्रिल

सांगितलं. सकाळीच, मामा मागावर बसायच्या आधी. रंगुबाई सूत काढत होत्या. मी कागदाचं सांगितलं, पिकू देण्याचं सांगितलं, डॉक्टरांना काय म्हटलं तेही. बोलताना पाठ केल्यासारखं वाटत होतं, कारण रात्री पाठच केलं होतं.

मामा खड्ड्यात पाय सोडून बसले. चष्मा काढला, धोतराने पुसला, पुन्हा घातला.

“तवा किती बाकी हुते?”

“एकशे साठ.”

त्यांनी मान हलवली. आकडा बरोबर आहे, अशी.

धोटा चालू झाला. मी उठले नाही. कुणी ऊठ म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. ऊन ओसरीच्या पहिल्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत आलं. रंगुबाईंनी चहा केला, दोन कप. एक त्यांना दिला, एक स्वतः घेतला. ते बरोबरच होतं. त्यांनी मला दिला असता तर मला गिळता आला नसता.

एकदा धोटा उजव्या बाजूने निसटला आणि जमिनीवर पडला. मामांनी त्या बाजूला हात फिरवला. लागला नाही. मान पूर्ण वळवून डाव्या डोळ्याने शोधला, उचलला. पुन्हा तसंच झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा ते थांबले.

“ह्या अंगाला काय पडतं, कोन येतं, कायबी कळत न्हाई,” ते समोर बघत म्हणाले. आवाजात राग नव्हता. मायाही नव्हती. “उद्याधरनं तुमी हितं बसायचं, बाई. उजव्या अंगाला. धोटा झेलायचा आन् माज्या हातात द्यायचा.”

“किती दिवस, मामा?”

“माग हाय तवर.”

४ एप्रिल

सकाळी सातला जाऊन उजव्या बाजूला बसले. धोटा येतो, तळव्यावर आपटतो, मी त्यांच्या हातात ठेवते. दुपारपर्यंत तळवा सुजला.  चार वाजता रंगुबाईंनी तीन कप चहा आणला.

दोन चौकोन झाले. पट्ट्या अगदी सरळ.